चुना लावलेल्या काठ्या

हे झालं एकोणीसशे एकाहत्तर साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्याच वर्षी केंद्राच्या जीपला पहिल्यांदा दारं बसली, आणि त्याच वर्षी नोंदणीच्या बाई कायम झाल्या.

गाव वाळवंटाच्या कडेला होतं. शेवटची घरं संपली की पाण्याची टाकी, टाकीपलीकडे पक्षीकेंद्राच्या चार खोल्या, आणि त्यानंतर जे सुरू व्हायचं त्याला सगळे नुसतं 'बाहेर' म्हणत. साहेब कुठे? बाहेर गेलेत. म्हणजे वाळवंटात गेलेत, संध्याकाळी येतील, आल्यावर अर्धी बादली पाणी लागेल.

केंद्राचं काम पखुर्ड्यांची घरटी मोजण्याचं. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, अंगावर वाळू शिंपडल्यासारखा पक्षी. तिचं घरटं बघायला जाल तर हसू येईल. टाचेनं दाबून खळगा करावा तेवढाच खळगा, त्यात मातकट ठिपक्यांची तीन अंडी. ना काडी, ना कापूस. दिवसभर मादी बसते, रात्री नर. पिल्लं निघाली की नर कोसभर लांबच्या पाण्यावर जातो, पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि तसाच उडत येतो. पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. जीपचे ड्रायव्हरकाका म्हणायचे, "हे घरी सांगू नका हो कुणाच्या. आमची ही म्हणेल, पाखराला कळतं पाणी भरायचं, तुम्हाला नाही."

बाईंचं काम सापडलेलं प्रत्येक घरटं वहीत लिहायचं, दर तीन दिवसांनी जाऊन पाहायचं आणि अंड्यांचं काय झालं ते त्यापुढे लिहायचं. काम सहा महिन्यांचं. पाखरं जोडीला लागली की बोलावणं यायचं, पिल्लं उडाली की निरोप. अशी सहा वर्षं गेली. उरलेले सहा महिने दादाच्या घरी बसून वहिनीला शिवणात मदत करायची, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही म्हणून टपालवाल्याच्या सायकलकडे कान लावायचा. वय तेहतीस. लग्नाचं बोलणं दोनदा झालं, दोनदा फिसकटलं, तिसऱ्यांदा कुणी काढलं नाही.

खरी अडचण अशी होती की एकदा पाहिलेलं घरटं पुन्हा सापडत नसे. चहूकडे सारखीच वाळू, सारखेच खडे. साहेब नकाशावर फुल्या मारत, पण फुलीपाशी गेल्यावर निम्म्या वेळा रिकाम्या हातानं परतायचं. एकदा तर जीप घरट्यावरूनच गेली. तेव्हा बाईंनी सुचवलं, "काठ्या लावू या. चुन्यात बुडवलेल्या, हातभर उंच. घरट्यापासून वीस पावलं उत्तरेला. दरवेळी उत्तरेलाच, म्हणजे चुकायला नको."

साहेब मोठे शिकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे आम्हाला कुणालाच कसं सुचलं नाही?" एवढंच म्हणाले. पण बोलून थांबले नाहीत. त्या हंगामात चाळीस घरट्यांना काठ्या लावल्या, एकही हरवलं नाही, सव्वीसांतून पिल्लं निघाली. साहेबांनी मुख्य कचेरीला पत्र धाडलं. ही पद्धत बाईंची आहे, बाईंना कायम करावं. पत्राची नक्कल बाईंनी स्वतःच टाइप केली. आपली शिफारस आपणच टाइप करताना 'शिफारस'मधला 'फ' दोनदा चुकला.

दुसऱ्या हंगामात घात झाला. एकेचाळीस घरटी, आणि दर फेरीला चार-पाच रिकामी. खळगा तसाच, अंडी गायब. कधी कवचाचा तुकडा, कधी तोही नाही. आजूबाजूला कुत्र्यांचे पंजे तेवढे उमटलेले. पण कुत्र्यांचे पंजे त्या वाळवंटात कुठे नव्हते? ती जीपच्या मागेसुद्धा पळायची.

साहेबांनी निष्कर्ष काढला : कुत्री. आणि कुत्री येतात कुठून? हाडांच्या मैदानातून.

हाडांचं मैदान दादाच्या ताब्यात होतं. गावात किंवा आसपासच्या वस्त्यांवर जनावर मेलं की दादा गाडी घेऊन जायचा, जनावर मैदानात आणायचा, कातडं उतरवून घ्यायचा आणि बाजूला होऊन बसायचा. मग गिधाडं उतरायची. पलीकडच्या कड्यावर त्रेसष्ट गिधाडं राहायची. दादाला आकडा पाठ होता. तासाभरात बैलाचा सांगाडा उरायचा, वास सुटायच्या आत. गिधाडांची गर्दी हटल्यावर कुत्री, खोकडं आणि डोमकावळे यांची पाळी. "बिनपगारी माणसं आहेत माझी," दादा म्हणायचा. "रजा नाही, रुसवा नाही, आणि ताटात काही टाकत नाहीत."

वहिनी म्हणायची, "घरातल्या माणसानं त्यांच्याकडून एवढं तरी शिकावं. भोपळा केला की काढून ठेवतात."

साहेबांनी ठरवलं ते असं. पुढचं मोठं जनावर मरेल ते सूर्य मावळतानाच मैदानात आणायचं आणि त्यावर विष घालायचं. गिधाडं तोवर कड्यावर गेलेली असतात. रात्री कुत्री खातील. उजाडायच्या आत जनावर उचलून पुरून टाकायचं. नगरपालिकेनं मंजुरी दिली. दादाला सांगणं आलं की त्या दिवशी तुम्ही मैदानात यायचं नाही.

दादा त्या संध्याकाळी जेवताना बोलला. बोलला बहिणीशी, पण बघत होता भिंतीकडे.

"तुझ्या साहेबाला म्हणावं, कुत्रं काय जागच्या जागी मरतं का? तोंडात तुकडा धरून जातं कुठेतरी. ते तिथे मेलं की त्याच्यावर कोण उतरणार? माझं गिधाडच ना?"

"साहेबांनी विचार केला असेल," बाई म्हणाल्या.

"साहेब अंड्यांचा माणूस. मढ्यांचं त्याला काय कळतं?"

"जेवताना मढ्यांच्या गोष्टी नकोत," वहिनी म्हणाली. "आणि वन्सं, तुम्ही ते पत्र आलं की नाही ते सांगा आधी. मी शेजारणीला सांगून बसलेय, आमच्या वन्सं कायम होणार म्हणून. तोंडघशी पाडू नका."

"शुक्रवारच्या टपालानं येईल असं साहेब म्हणालेत."

"मग शुक्रवारपर्यंत जनावर मरायला नको," दादा म्हणाला. तो आपल्या गिधाडांसाठी म्हणाला होता. साहेबांना शुक्रवारनंतर बाई काही समजावू शकतील, कायम माणसाचं ऐकतात, असा त्याचा हिशेब.

हे रविवारचं.

सोमवारी बाहेर असताना जीपचं चाक बदलावं लागलं. ड्रायव्हरकाकांच्या हातून जॅकचा दांडा वाळूत कुठेतरी पडला. अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांनी जीपमधली एक चुन्याची काठी उचलली आणि तिथे ठोकली. "उद्या येऊन शोधू. सरकारी दांडा आहे, गेला तर माझ्या पेन्शनीतून कापतील."

मंगळवारी दुसऱ्या बाजूनं येताना इंजिन तापलं. काठी समोर दिसत होती, दोनेकशे पावलांवर. काका म्हणाले, "ताई, आता अर्धा तास काही हलत नाही हे खटारं," आणि जीपच्या सावलीत आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. बाई आत बसून राहिल्या. सहा वर्षांत त्या वाळवंटात इतका वेळ गप्प कधी बसल्या नव्हत्या. जीप यायची, थांबायची, लिहून घ्यायची, पुढे जायची. आवाजानं सगळं पाखरू आधीच उठून गेलेलं असायचं.

एक डोमकावळा आला आणि काठीवर बसला. त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस गळालेलं होतं. तो दोन्ही बाजूंनी चोच काठीला पुसून घेऊन खाली उतरला. उडाला नाही, चालायला लागला. दादा सकाळी मैदानात निघतो तसा, घाई नाही, थांबणं नाही. सरळ दक्षिणेला. बाईंनी दुर्बीण लावली. वीसएक पावलांच्या अंतरावर तो थांबला आणि जमीन बघायला लागला. फेरी मारली. मग थोडी मोठी फेरी. चोचीनं खडे उलटले. मग चालत काठीपाशी परत आला, वर बघितलं, आणि पुन्हा दक्षिणेला निघाला.

तिथे घरटं नव्हतं. तिथे घरटं कधीच नव्हतं. तिथे फक्त काकांचा दांडा होता.

तीन वेळा त्यानं तसं केलं. तिसऱ्यांदा बाईंनी दुर्बीण खाली ठेवली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी असा हा प्रकार नव्हता. एकेचाळीस घरटी, एकेचाळीस काठ्या, प्रत्येक काठी वीस पावलं उत्तरेला. कुत्री बिचारी जीपमागे पळत होती.

काका उठले. "काय दिसलं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा दांडा शोधू या."

दांडा सापडला. काकांनी काठी उपटून जीपमध्ये टाकली.

परतताना बाईंनी डोक्यात मांडणी केली आणि ती पुढे तीन दिवस बदलली नाही. साहेबांना सांगायचं, हे नक्की. पण शिफारस ज्या पद्धतीसाठी झाली ती पद्धतच कावळ्यांना अंडी खाऊ घालते आहे, हे आज सांगितलं तर साहेब सरळ माणूस आहेत, ते आजच तार करतील की आधीचं पत्र मागे घेतो. शुक्रवारी कागद हातात पडला की त्याच दुपारी सांगायचं. मधे तीन दिवस. तीन दिवसांत मोठं जनावर मरेलच असं थोडंच आहे? गेल्या पंधरा दिवसांत एक शेळी मेली होती फक्त.

बुधवारी जनावर मेलं नाही. बाईंनी बुधवारी वहीतली जुनी पानं नीट शिवून काढली.

गुरुवारी सकाळी मिठाच्या कारखान्यातलं खेचर मेलं.

दुपारी चार वाजता साहेबांच्या खोलीत विषाचा डबा टेबलावर होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाई दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी वर पाहिलं. "काय बाई?"

बाईंनी तोंड उघडलं. साहेब हसले, क्वचितच हसायचे. "उद्याचं टपाल. माहीत आहे मला. एक दिवस कळ काढा."

"माठ रिकामा आहे," बाई म्हणाल्या. "भरून ठेवते."

त्यांनी माठ भरला. मागच्या अंगणातून त्यांना जीप सुरू होताना ऐकू आली. एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली, मग गेली.

शुक्रवारी उजाडायच्या आत काका आणि दोन मजूर गेले, खेचराचं जे उरलं होतं ते उचलून पुरून आले. मैदानात चार कुत्री मेलेली होती, तीही पुरली. काका म्हणाले, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पण उरलं होतं ते अर्धंच खेचर. बाकीचं कुणी कुठे नेलं ते काकांना ठाऊक नव्हतं.

अकरा वाजता टपालवाला आला. बाईंनी सही केली, पाकीट उघडलं. कायम नेमणूक, पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. खाली साहेबांच्या वरच्या साहेबांची सही, शिक्का, आणि तारीख. तारीख बावीस दिवसांपूर्वीची. पाकिटावर दुसऱ्याच एका गावाच्या कचेरीचा शिक्का होता. पत्र आधी चुकून तिकडे गेलं होतं आणि सावकाश फिरून आलं होतं. म्हणजे मंगळवारी बाई जीपमध्ये बसल्या होत्या तेव्हा त्यांचा हुकूम निघून दोन आठवडे उलटून गेले होते. कुणी तार केली असती तरी काही बदललं नसतं.

बाईंनी तारीख दोनदा वाचली. मग खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी दादा उभा होता. दादा केंद्रात कधी येत नसे. अंगाला वास येतो म्हणून.

बाई बाहेर गेल्या. "किती?"

"मोजतोय अजून," दादा म्हणाला. "टेकडीमागे तीन कुत्री पडलीत, त्यांच्यावर गिधाडं उतरलीत. नाल्यात एक खोकड, त्याच्यावर. अजून उतरताहेत, धाकटी. मी ओरडलो, दगड मारले, डबा वाजवला. लांब उडून बसतात आणि परत येतात. सवयच आहे त्यांना, मी काही करत नाही याची."

बाई तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. पत्र हातातच होतं. साहेब म्हणाले, "अभिनंदन." बाईंनी डोमकावळ्याचं सांगितलं. काठी, चोच पुसणं, दक्षिणेला चालणं, फेऱ्या. काहीही वगळलं नाही. साहेबांनी ऐकता ऐकता पेन्सिल उचलली होती, सवयीनं लिहून घेत होते.

"किती पावलांवर थांबला?"

"वीस. दोन-तीन इकडेतिकडे."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

"किती वाजता पाहिलंत?"

"साडेदहा."

"आज?"

"मंगळवारी," बाई म्हणाल्या.

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या कागदाकडे. काय ते त्यांना कळलं असावं. चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाले, "काठ्या उपटायला सांगा. सगळ्या. आजच."

काठ्या उपटल्या. दादा रविवारपर्यंत मोजत राहिला. गिधाडं अठ्ठावन्न, कुत्री अकरा, खोकडं दोन, एक तरस. डोमकावळे नाहीत. त्या आठवड्यात त्यांना मैदानात जायची गरजच पडली नव्हती, पोटापाण्याची सोय दुसरीकडे होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

रविवारी जेवताना बाईंनी दादालाही सांगितलं. सांगितलं नसतं तर त्याला कळलंही नसतं. त्यानं घास खाली ठेवला. तो ओरडेल म्हणून वहिनी आधीच मधे बोलायला सरसावली होती, पण तो ओरडला नाही. म्हणाला, "बुधवारी पण घरीच होतीस तू. माझ्याशेजारी बसून जेवलीस." मग उठून हात धुतले.

त्यानंतर दोन वर्षं तो बहिणीशी सरळ बोलला नाही. सगळं वहिनीमार्फत. "तिला सांग, छत्री घेऊन जा." बाई तिथेच, हाताच्या अंतरावर. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमचे दादा म्हणतात छत्री न्या." बाई म्हणायच्या, "बरं म्हणावं." त्यावर वहिनी, "मला आता दोन्हीकडचा पगार सुरू करा."

पण मैदानाचं जे झालं ते जोडून देणं वहिनीच्याही हातात नव्हतं. उरलेल्या पाच गिधाडांना बैल उरकेना. जनावरं तीन-तीन दिवस पडून राहायची, वास शेवटच्या घरांपर्यंत यायचा. आणि कुत्री? लांबच्या वस्त्यांवरून नवी आली, आधीपेक्षा दुप्पट. आता त्यांना हुसकायला गिधाडांची गर्दी नव्हती.

दादानं चार वर्षं ते काम ओढलं. मग नगरपालिकेनं खड्डे खणून जनावरं पुरायला सुरुवात केली आणि मैदान बंद झालं. दादाला पाण्याच्या टाकीवर पहारेकऱ्याची जागा मिळाली. जागा सावलीची होती, पण तो वाळत गेला. बहिणीशी पुन्हा बोलायला लागला तो अचानकच. वहिनीला ताप होता, सांगायला मधे कुणी नव्हतं, म्हणून म्हणाला, "चहा टाक." सत्त्याऐंशी साली गेला.

साहेबांनी त्या वर्षीच्या अहवालात सगळं लिहिलं. काठ्यांचं, कावळ्याचं, अठ्ठावन्नाचं. विष घालायचा निर्णय माझा, असंही लिहिलं. बाईंनी कधी पाहिलं ते मात्र लिहिलं नाही. 'निरीक्षण : नोंदणीच्या बाई' इतकंच. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, किनाऱ्याकडच्या कुठल्याशा केंद्रात. दिवाळं निघाल्यासारखे गेले, एक पेटी आणि एक गादी घेऊन. शेवटपर्यंत बाईंना वर्षाला एक पत्र येई. त्यात तिकडच्या पाखरांचे आकडे असत, बाकी काही नाही.

ड्रायव्हरकाकांची पेन्शन पूर्ण मिळाली. दांड्यापायी काही कापलं गेलं नाही. नातवंडांना ते सांगत की अंडी कोण खातं हे त्यांनीच शोधून काढलं, आणि एका अर्थी ते खोटं नव्हतं.

डाव्या पंखात पीस नसलेला डोमकावळा पिसं झडून नवी आल्यावर ओळखू येईनासा झाला. असेल कुठेतरी. डोमकावळे पुष्कळ जगतात.

काठ्या गेल्यावर केंद्राला घरटी पुन्हा सापडेनाशी झाली, तेव्हा बाई ती डोक्यात ठेवायला शिकल्या. कुठला खडा कुठल्या खड्याच्या कोणत्या अंगाला, अमक्या झुडपाच्या सावलीचं टोक नऊ वाजता कुठे येतं. हंगामात तीस-तीस घरटी पाठ असायची. नवे साहेब म्हणत, हे लिहून ठेवा. बाई म्हणत, "लिहिलं की दिसतं."

पंचवीस वर्षं कायम नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ असलं काही नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी कड्यावर सात गिधाडं होती. पुढे दुसऱ्याच कुठल्या कारणानं तीही कमी झाली, त्याचं बाईंशी काही नातं नव्हतं, पण त्यांनी ते कधी मनाला पटू दिलं नाही.

वहिनी आणि त्या एकाच घरात राहिल्या. वहिनीला शेवटी दिसेनासं झालं. सकाळी अंगणात खुर्च्या टाकून दोघी बसायच्या. वहिनी विचारायची, "वन्सं, आकाशात काय आहे?" आणि असेल ते बाई सांगायच्या. बहुतेक दिवशी काही नसे. तेही सांगायच्या.